काउंटी हेल्थ रँकिंग्ज: सरासरीआड दडलेली आरोग्यविषमता

अमेरिकेतील प्रत्येक काउंटीत (राज्याच्या आतील, आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) लोक किती जगतात, कसे जगतात आणि त्यामागची कारणे कोणती, हे एका ठिकाणी दाखवणारी ‘काउंटी हेल्थ रँकिंग्ज’ ही मोफत माहितीसेवा विस्कॉन्सिन विद्यापीठातील लोकसंख्या-आरोग्य संस्था चालवते. २०१० मध्ये ती देशभर सुरू झाली ती आरोग्यक्षेत्राला अनुदान देणाऱ्या रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशन या खासगी संस्थेच्या पैशावर. त्या वेळी फाउंडेशनच्या प्रमुख होत्या डॉ. रिसा लाविझो-मुरे. या सेवेचे गुण आणि उणिवा नीट जोखायच्या तर त्यांची कारकीर्द डोळ्यांसमोर ठेवणे उपयोगी पडते.

लाविझो-मुरे या मूळच्या वार्धक्यरोगतज्ज्ञ. हार्वर्डची वैद्यकीय पदवी, व्हार्टनची एमबीए, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात अध्यापन आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र सरकारच्या आरोग्यसेवा-संशोधन यंत्रणेत वरिष्ठ पद, असा त्यांचा प्रवास आहे. २००२ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या आरोग्यविषयक सल्लागार संस्थेच्या ज्या समितीने, उत्पन्न आणि विमा सारखा असला तरी अल्पसंख्याक रुग्णांना कमी दर्जाचे उपचार मिळतात, असा स्पष्ट निष्कर्ष काढला, त्या समितीच्या दोन उपाध्यक्षांपैकी त्या एक होत्या. पुढच्याच वर्षी त्यांनी फाउंडेशनची सूत्रे हाती घेतली. त्या पदावरील त्या पहिल्या महिला आणि पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन, आणि २०१७ पर्यंत त्या तेथे राहिल्या. बालकांमधील लठ्ठपणाविरुद्ध २००७ मध्ये जाहीर केलेल्या ५० कोटी डॉलरचा गाजावाजा जास्त झाला. माझ्या मते मात्र अधिक टिकाऊ काम या आकडेवारीचे आहे.

सेवेच्या मूळ मांडणीत आरोग्य घडवणाऱ्या घटकांपैकी उपचारसेवेला अवघे २० टक्के वजन होते. शिक्षण, रोजगार, उत्पन्न अशा सामाजिक-आर्थिक घटकांना ४०, वैयक्तिक सवयींना ३० आणि भौतिक परिसराला १० टक्के. डॉक्टर असलेल्या प्रमुखाच्या संस्थेने उपचारांना इतके कमी वजन देणारी मांडणी उचलून धरावी, हे मला विशेष वाटते. फिलाडेल्फियाचे पान उघडले की त्याचा अर्थ कळतो. नामवंत शिक्षण-रुग्णालयांचे हे शहर, लाविझो-मुरे यांनी अध्यापन केले तेही इथेच. आणि तरीही आरोग्याच्या निष्पत्तीत, म्हणजे लोक किती आणि कसे जगतात यात, पेन्सिल्व्हेनियाच्या ६७ काउंट्यांमध्ये ते अनेक वर्षे ६७ वे येत राहिले.

वापराच्या दृष्टीने पान सुटसुटीत आहे. आकड्याशेजारी त्रुटीची मर्यादा (खरा आकडा किती मागेपुढे असू शकतो ते) दिलेली असते, तुलनेला राज्याचा आणि देशाचा आकडा असतो आणि सगळी माहिती एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. काही निकषांखाली वंशनिहाय आकडेही मिळतात. अकाली मृत्यूची, म्हणजे वयाच्या पंच्याहत्तरीआधी मृत्यू आल्याने गमावलेल्या आयुष्याची, नोंद अशी फोडून पाहिली की एकाच काउंटीत दोन वेगळी आयुर्माने नांदताना दिसू शकतात. ही सोय सेवेचा कणा असायला हवी होती. प्रत्यक्षात ती आतल्या कप्प्यात आहे, आणि घाईतला वाचक वरची सरासरी घेऊन निघून जातो.

दुसरी अडचण लहान काउंट्यांची. तेथे लोकसंख्या इतकी थोडी असते की अनेक वर्षांची आकडेवारी एकत्र करावी लागते आणि वंशनिहाय रकाने पुष्कळदा रिकामेच राहतात. म्हणजे विरळ वस्तीतील मूळनिवासी समाजांसारखे गट नेमके जिथे दिसायला हवेत तिथेच नाहीसे होतात. हा दोष सेवेचा कमी आणि आकडेवारीच्या स्वरूपाचा जास्त, हे मान्य. पण पानावर त्याची सूचना अधिक ठळक हवी.

२०२४ पासून सेवेने क्रमांक देणे थांबवले आणि सारखे आरोग्य असलेल्या काउंट्यांचे गट पाडायला सुरुवात केली. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच, कारण १८ व्या आणि २२ व्या क्रमांकातील फरक अनेकदा नाममात्र असे. पण शेवटचा क्रमांक आला की स्थानिक वर्तमानपत्र बातमी छापत असे आणि काउंटीच्या कारभाऱ्यांना उत्तर द्यावे लागे. गटाच्या नावाने तो धाक उरत नाही. अनुदानाचा अर्ज लिहिणाऱ्या संस्थेला किंवा विद्यार्थ्याला मी ही सेवा निःसंकोच सुचवेन, फक्त वंशनिहाय कप्पा उघडल्याशिवाय आणि त्रुटीची मर्यादा पाहिल्याशिवाय एकही आकडा उचलू नये.