तातडीचे अडीच लाख की न्यायाधिकरणातली लांब वाट?

रस्त्यावरच्या अपघातानंतर माझ्या मावसभावाच्या मांडीत रॉड बसला, त्याच्या तिसऱ्या दिवशी वॉर्डात एक गृहस्थ आले. काखेत फाइल, खिशाला दोन पेनं. "तुम्ही फक्त सही करा, बाकीचं मी बघतो," म्हणाले. पुढे केलेला कागद वकीलपत्र होता आणि त्यातले निम्मे रकाने कोरे होते. भावाचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून वाचला.

पुढचा महिनाभर घरात एकच चर्चा: वकील कोणता करायचा? खरा प्रश्न त्याच्या आधीचा होता, नुकसानभरपाईचा दावा कोणत्या कलमाखाली करायचा. तो चुकला तर वकील कितीही हुशार असला तरी हातात काही राहत नाही.

कलम १६४ की कलम १६६

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि नुकसानभरपाईचा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यू झाल्यास पाच लाख, रक्कम ठरलेली. हाड मोडलं असेल तर कायद्याच्या व्याख्येत ती गंभीर दुखापतच. साक्षीदारांची ओढाताण नाही, समोरच्या ड्रायव्हरच्या उलटतपासणीची गरज नाही.

कलम १६६ खाली मात्र समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. एफआयआर, पंचनामा, घटनास्थळाचा नकाशा, साक्षी, डॉक्टर, सगळं आलं. त्या बदल्यात रकमेला वरची मर्यादा नाही.

फरक किती पडतो ते आकड्यात बघा. समजा ३२ वर्षांचा स्वतंत्र धंदा करणारा माणूस आहे, महिन्याला २०,००० रुपये मिळवतो आणि न्यायाधिकरणाने (अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाने) त्याची कमावण्याची क्षमता ४० टक्क्यांनी घटली असं मानलं. वर्षाचे झाले २,४०,०००. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाचं उत्पन्न पुढे वाढणार म्हणून त्यात ४० टक्के मिळवतात (प्रणय सेठी निकाल, २०१७), म्हणजे ३,३६,०००. त्याचे ४० टक्के १,३४,४००. वर्षाचा तोटा ज्या आकड्याने गुणतात तो गुणक वयावरून ठरतो, या वयाला तो १६ (सरला वर्मा निकाल, २००९). गुणाकार येतो २१,५०,४००. उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढची ऑपरेशनं, वेदनांची भरपाई आणि अर्ज केल्यापासूनचं व्याज यात धरलेलंच नाही.

आता एकीकडे हे आणि दुसरीकडे अडीच लाख. तरी लोक अडीच लाखांवर सही करतात, कारण हॉस्पिटलचं बिल समोर असतं. आणि इथेच फास आहे: कलम १४९ च्या, म्हणजे विमा कंपनीशी तडजोडीच्या, प्रक्रियेने तिच्याकडून कलम १६४ ची रक्कम स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढचा तुमचा दावा संपुष्टात येतो. "आधी हे घेऊ, उरलेलं नंतर बघू" असं चालत नाही.

मग १६४ कोणासाठी? हाड नीट जुळलं, कामावर परतलात, मागे व्यंग राहिलं नाही, अशांसाठी. किंवा चूक आपल्याच माणसाची निघण्याची दाट शक्यता आहे आणि साक्षीदार कोणी नाही, अशांसाठी. मात्र गाडीचा मालक स्वतःच चालवत होता आणि चूकही त्याचीच असेल, तर थर्ड पार्टी विम्यातून फार आशा धरू नये. आधी पॉलिसीतला मालक-चालकाचा १५ लाखांपर्यंतचा वैयक्तिक अपघात विमा तपासावा. पुष्कळांना तो आपण भरलाय हेच माहीत नसतं.

धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर वाट तिसरीच. त्यात गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये, आणि अर्ज न्यायाधिकरणात नाही, महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसील किंवा प्रांत कार्यालयात.

टक्केवारी दोन प्रकारची

जिल्हा रुग्णालयाचा अपंगत्वाचा दाखला आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सोपं करून सांगितलंय: डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार जवळजवळ पूर्ण कमाई गमावतो, पण सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. आमचा भाऊ इलेक्ट्रिशियन. दाखल्यावरचा आकडा किरकोळ वाटत होता, पण तो शिडी चढू शकत नाही. शिडी न चढणाऱ्या इलेक्ट्रिशियनला कोण बोलावणार? हे वाक्य साक्षीत आणणारा वकील आणि फक्त दाखला फाइलला लावणारा वकील, फरक इतकाच असतो. आणि तो लाखांत मोजला जातो.

खासगी वकील की विधी सेवा प्राधिकरणाचा

विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळणारा मोफत वकील म्हणजे दुय्यम माल, असं आपल्याकडे सरसकट बोललं जातं. मला ते पटत नाही. प्राधिकरणाच्या पॅनेलवर जिल्हा न्यायालयात रोज उभे राहणारेच वकील असतात, त्यांची फी प्राधिकरण देतं. १९८७ च्या कायद्यानुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते. म्हणजे अपघाताने कायमचं व्यंग आलं असेल तर तुम्ही स्वतःच त्यात बसू शकता. हेल्पलाइन १५१००. अडचण एकच, वकील तुमच्या पसंतीचा मिळेलच असं नाही आणि मोटार अपघाताच्या कामात तो मुरलेला असेलच असंही नाही.

खासगी वकील निवडता येतो, पण पैशाचं आधी बोलून घ्या. "मिळेल त्यातले इतके टक्के" हा सौदा सर्रास चालतो. बार कौन्सिलच्या नियमांत मात्र निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा रकमेत वाटा घ्यायला स्पष्ट मनाई आहे. टप्प्याटप्प्याने ठरलेली फी मागा. कोरं वकीलपत्र आणि सही केलेला कोरा चेक कधीही देऊ नका. पहिल्या भेटीत मी एकच प्रश्न विचारेन: डॉक्टरची साक्ष तुम्ही काढणार का, की नुसता दाखला लावणार? उत्तर द्यायला वकील अडखळला, तर चहा पिऊन निघावं.

लोकअदालत की पूर्ण निकाल

लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटतं, तारखांचा फेरा वाचतो. पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही, तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं. माझं मत असं, की उपचार पूर्ण व्हायच्या आधी लोकअदालतीत बसू नये. रॉड काढायचं ऑपरेशन अजून बाकी असताना आकडा कशाच्या जोरावर ठरवणार? उपचार संपले, कागद पक्के झाले, आणि कंपनीचा आकडा तुमच्या हिशेबाच्या जवळपास आला, की मग खुशाल मिटवावं.

दाव्याच्या अर्जाची मुदत मात्र हलक्यात घेऊ नका. कायद्यात अपघातापासून सहा महिने लिहिलेत. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण आपण त्या भरवशावर कशाला थांबायचं? पोलिसांनी तीन महिन्यांत न्यायाधिकरणाला पाठवायचा अहवालही दावा म्हणून धरला जातो. मात्र रक्कम ज्यांवर ठरते ते कागद पोलीस चौकीत नसतात, ते तुमच्या घरातल्या पिशवीत असतात. आणि अपघात परगावी झाला म्हणून तिकडे खेटे घालायची गरज नाही, राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो.

आम्ही १६६ ची वाट धरली, खासगी वकील केला. पिशवी उपसली तेव्हा औषधांच्या सतरा पावत्या कोऱ्या निघाल्या. थर्मल कागदावरची छपाई उन्हाळ्यात उडून गेली होती. मेडिकलवाल्याने कॉम्प्युटरमधून शोधून बारा पुन्हा काढून दिल्या. उरलेल्या पाच, वकिलांनी उजेडात धरून पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या.