गुहागरजवळचं आमचं घर, फेंगशुई जाणणाऱ्या आर्किटेक्टकडून (५ पैकी ४ स्टार)

दोन पावसाळे या घरात काढले, आता लिहायला हरकत नाही. आमची जागा म्हणजे मागे डोंगर, पुढे उतारावर माडाची वाडी आणि खाली समुद्र. नणंदेने धोशाच लावला होता की फेंगशुई, म्हणजे चिनी वास्तुशास्त्र, बघूनच बांधा. आधी एक सल्लागार आले, त्यांनी होकायंत्र धरलं, दार दक्षिणेलाच हवं म्हणाले आणि लगेच तीन पायांचा बेडूक नि घंटा विकायला काढल्या. दक्षिणेला दार ऐकून सासरे उठूनच गेले.

मग रत्नागिरीच्या आर्किटेक्ट मॅडम मिळाल्या, हा रिव्ह्यू त्यांच्या कामाचा. पहिल्या भेटीत त्यांनी कागदच काढला नाही, वारा कुठून येतो, पाणी कुठून वाहतं एवढंच विचारत वाडीभर फिरल्या, कारण फेंगशुई म्हणजेच मुळात वारा नि पाणी. चीनमध्ये दार दक्षिणेला करतात कारण तिकडे थंडीत बोचरा वारा उत्तरेकडून येतो आणि ऊन मिळतं दक्षिणेकडून. आपल्याकडे झड येते नैऋत्येकडून, मग तो नियम तसाच उचलला तर पाणी थेट माजघरात! मला हे फारच पटलं. पाठीला डोंगर, फेंगशुईत त्याला काळं कासव म्हणतात, आणि पुढे मोकळं, ही मांडणी आमच्याकडे आयतीच होती, फक्त उत्तर-दक्षिण नाही तर पूर्व-पश्चिम. दार पश्चिमेलाच ठेवलं पण उत्तरेच्या टोकाला सरकवून, पुढे ८ फुटांची पडवी, दक्षिणेला चिऱ्याची जवळजवळ बंद भिंत. डोंगराला घर चिकटवू दिलं नाही, मागे चर खणून पाणी बाजूला काढलं. अंगणात मासे सोडायचं कुंड ह्यांना हवं होतं, डास होतील म्हणून मॅडमनी सरळ नाही सांगितलं.

खरं भांडण झालं ते पुढच्या-मागच्या दारावरून. फेंगशुईत दोन्ही दारं एका रेषेत नको, ची म्हणजे प्राणशक्ती थांबत नाही म्हणतात, आणि सासूबाईंचं म्हणणं पुढच्या दारातून परसातली विहीर दिसायलाच हवी, शिवाय मे महिन्यात वारा आरपार नसेल तर जीव नकोसा होतो. मॅडमनी दारं एका रेषेतच ठेवली आणि मध्ये सागवानी जाळीचा आडोसा घातला. चीनमधल्या जुन्या घरांत दाराशी अशी आडवी भिंत असते, ती वारा अडवते, जाळी अडवत नाही. आता वारा येतो, विहीरही दिसते, आणि रस्त्यावरून कुणाला आमचं माजघर दिसत नाही. मला अख्ख्या घरात हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

एक स्टार कापला कारण ड्रॉइंग महिनाभर उशिरा दिली, गवंडी बसून राहिले आणि मजुरी आमच्या डोक्यावर बसली. आणि मोरीची खिडकी फारच लहान, श्रावणापर्यंत भिंतीला बुरशी धरते. फोन केला तर येऊन बघून गेल्या, दिवाळीनंतर खिडकी मोठी करून देतायत, त्याची फी घेणार नाही म्हणाल्यात.