आयन जोडायची कार्डं: सूत्रांना झकास, नावांना ढ

ठाण्याला नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत शालेय साहित्याचं एक दुकान आहे तिथून भाच्यासाठी रासायनिक सूत्रांचा कार्ड सेट घेतला, साडेतीनशेला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे बऱ्याच तक्रारी आहेत. भाचा नववीत, सेमी इंग्लिश, आणि ‘द्रव्याचे मोजमाप’ हा धडा आला की संयुजा (जोडणी करायची क्षमता, आकड्यात), मूलकं (प्रभार असलेले अणू किंवा अणूंचे गट), तिरकस गुणाकार (एकाची संयुजा दुसऱ्याच्या चिन्हाखाली लिहायची) यात पोरं कशी गटांगळ्या खातात ते ज्यांच्या घरी नववीचं पोर आहे त्यांना सांगायला नको.

आयडिया एकदम सोपी आहे. सोडिअम, कॅल्शिअम, अमोनिअम वगैरे धन आयनांच्या, म्हणजे धन प्रभाराच्या मूलकांच्या, कार्डांना कडेला दात, आणि क्लोराइड, सल्फेट, हायड्रॉक्साइड अशा ऋण आयनांना खाचा, ज्याची जेवढी संयुजा तेवढे दात किंवा खाचा. सगळे दात सगळ्या खाचांत बसले, एकही मोकळा राहिला नाही की झालं सूत्र.

मला वाटलेलं पाचवीतल्या पोरांचा खेळ आहे, नववीतला मुलगा हात लावणार नाही. पण अॅल्युमिनिअम सल्फेट करायला बसवलं तेव्हा गंमत बघितली. अॅल्युमिनिअमला तीन दात, सल्फेटला दोन खाचा. एकाला एक लावलं तर एक दात उरला, दुसरं सल्फेट लावलं तर एक खाच उरली, मग दुसरं अॅल्युमिनिअम, मग तिसरं सल्फेट, आणि म्हणाला मावशी इकडे सहा तिकडे सहा, बसलं की. आणि समोर सल्फेटची तीन अख्खी कार्डं पडलेली असल्यामुळे एएल२(एसओ४)३ मधला कंस का द्यायचा हे वेगळं सांगावं लागलंच नाही. चुन्याच्या निवळीचंही तसंच, सीए(ओएच)२ च्या जागी कंस न देता सीएओएच२ लिहिलं तर फक्त हायड्रोजन दोन होतात, ऑक्सिजन एकच राहतो, पण कार्डावर हायड्रॉक्साइड दोन आहेत ते दिसतंच ना डोळ्यांना.

अजून एक फायदा. तिरकस गुणाकाराने मॅग्नेशिअम ऑक्साइड काढलं की आधी एमजी२ओ२ येतं आणि मग ते दोनाने भागायचं असतं, ते भागायचंच पोरं विसरतात. इथे दोन दात दोन खाचांत थेट बसतात, विषय संपला. एवढ्यासाठी पैसे वसूल म्हणेन मी.

आता नावांकडे या. इथे सेट पार ढेपाळतो.

पहिलं म्हणजे चिन्हं सगळी कॅपिटलमध्ये छापलीत!! सोडिअमचं दुसरं अक्षर छोटं हवं ते पण मोठं. अरे हा काय डिझाइनचा विषय आहे का, कोबाल्ट आणि कार्बन मोनॉक्साइड यात लिहिताना फरक असतो तो त्या एका अक्षराच्या छोट्या-मोठ्याचाच, आणि परीक्षेत पोरगं तसंच लिहून आलं तर मार्क कोण देणार. आम्ही मार्कर घेऊन सगळी दुरुस्त केली.

दुसरं, लोखंडाची दोन कार्डं आहेत, दोन दातांचं फेरस आणि तीन दातांचं फेरिक, ते उत्तम. पण मागे फक्त ही जुनी नावं. आयर्न टू, आयर्न थ्री असे रोमन आकडे घालून लिहायची आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची पद्धत १९१९ पासून आहे, या लोकांपर्यंत अजून पोचली नाही वाटतं. माहितीपत्रकात मात्र फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि मंडळींनी १७८७ मध्ये नावांची पद्धत कशी बसवली यावर अर्धं पान खर्च केलंय. वाचायला छान आहे, पण तेवढ्या जागेत रोमन आकड्यांचा तक्ता आरामात बसला असता.

तिसरं, मर्क्युरस, म्हणजे पाऱ्याचा एक आयन. कार्ड एका दाताचं दिलंय, म्हणजे क्लोराइडबरोबर एचजीसीएल तयार होतं, जे चूक आहे. मर्क्युरसमध्ये पाऱ्याचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या जोडीवर मिळून दोन धन प्रभार असतो, म्हणून सूत्र एचजी२सीएल२, आणि हे दोनाने भागायचं नसतं. सेटमध्ये काही कोरी कार्डं येतात त्यातलं एक कापून दोन दातांचं मर्क्युरस घरीच बनवलं.

सगळ्यात जास्त गोंधळ हिरव्या कार्डांनी घातला, त्यात कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस वगैरे अधातू पण दात-खाचांत कोंबलेत. कार्बनला चार दात, ऑक्सिजनला दोन खाचा, कार्बन डायॉक्साइड बसतो, कार्बन मोनॉक्साइड बसतच नाही, मग तो वायू नाहीच का जगात? अधातू-अधातूच्या जोडीत तीच दोन मूलद्रव्यं वेगवेगळ्या प्रमाणात येतात, पीसीएल३ पण आहे आणि पीसीएल५ पण, म्हणून नावात मोनो, डाय, ट्राय, पेंटा मोजून सांगावं लागतं. कॅल्शिअम क्लोराइडला डायक्लोराइड म्हणत नाहीत कारण कॅल्शिअमची संयुजा ठरलेली, क्लोराइड दोनच लागणार. हा फरक पत्रकात एका ओळीत लिहिता आला असता. नाही लिहिला, आणि आमच्या साहेबांनी हिरवी कार्डं खेळून झाल्यावर मिठाला सोडिअम मोनोक्लोराइड करून टाकलं. मी ती सरळ वेगळ्या पिशवीत घालून माळ्यावर टाकली.

सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट तिघांनाही दोनच खाचा, त्यामुळे इथे दात काही मदत करत नाहीत, पाठच करायचं. सल्फाइडमध्ये ऑक्सिजन नाही, सल्फाइटमध्ये तीन, सल्फेटमध्ये चार. निदान रंग वेगळे द्यायचे, तिन्ही एकाच निळ्यात आणि खालचे आकडे मुंगीएवढे.

मोरचूद, हिराकस, धुण्याचा सोडा यातलं स्फटिकजल, म्हणजे स्फटिकात बांधलेलं पाणी, तेही करता येत नाही, पाण्याचं कार्डच नाहीये.

दुकानाबद्दल, काका बोलायला चांगले आहेत, उघडून दाखवतात, पण सील फोडलं की बदलून मिळत नाही हे पैसे दिल्यावर सांगतात. संध्याकाळी त्या गल्लीत गाडी लावायचा विचारही करू नका, स्टेशनवरून चालत जा. आठवी-नववीला सूत्रं अडत असतील तर घ्या, मी पाचपैकी तीन देईन. नावं अडत असतील तर एक दोनशे पानी वही आणि पेन घ्या, स्वस्त पडेल.