मुंबई की हैदराबाद? बेळगावकरांनी व्हिसाची मुलाखत कुठं द्यावी

बेळगावहून मुंबई, बंगळूर आणि हैदराबाद ही तिन्ही शहरं रस्त्यानं साधारण 500 किलोमीटरवर आहेत. त्यामुळं अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत कुठं द्यायची हे ठरवताना अंतराचा मुद्दा आपोआप बाद होतो. बंगळूरच्या कॉन्सुलेटचं उद्घाटन जानेवारी 2025 मध्ये झालं तेव्हा आमच्याकडं अनेकांना हायसं वाटलं होतं, पण आम्ही अर्ज भरायला बसलो तोवर तिथं व्हिसाचं काम सुरू झालेलं नव्हतं. चेन्नई, दिल्ली, कोलकाता ही नावं यादीत दिसतात. तरण्या माणसानं एकट्यानं जायचं असेल तर जरूर बघावीत. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं म्हटलं की मुंबई आणि हैदराबाद एवढीच दोन नावं उरतात. मी स्वतः हैदराबादला मुलाखत दिली आणि पुढं आई-बाबांच्या वेळी मुंबई घेतली. म्हणून हा प्रपंच.

आपल्या सीमाभागात एक गैरसमज बराच पसरलेला आहे, तो आधी काढतो. आधार कर्नाटकाचं आहे म्हणून मुंबई मिळणार नाही, असं एजंटसुद्धा सांगतात. जर्मनीसारख्या देशांच्या बाबतीत ते खरं आहे. त्यांच्या शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या, व्हिसासाठी बेळगावचा माणूस बंगळूरच्या हद्दीत येतो आणि पलीकडं चंदगड तालुक्यातल्या शिनोळीचा माणूस मुंबईच्या. दोघांच्या घरात अर्ध्या तासाचंही अंतर नसतं. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला मात्र ही सीमा लागू नाही. भारतात राहणाऱ्यानं भारतातल्या कुठल्याही केंद्रात तारीख घ्यावी.

आता प्रतीक्षेबद्दल. 2022 च्या अखेरीस मुंबईचा आकडा 999 दिवसांवर गेला होता आणि हैदराबादचाही त्याच्या मागोमाग होता. ती अवस्था आता नाही. पण रांग सरली असं समजून कुणी विमानाची तिकिटं आधी काढू नयेत. सप्टेंबर 2025 पासून मुलाखतीशिवाय व्हिसा मिळण्याची सवलत बरीच आवळली गेली. पूर्वी 14 वर्षांखालची मुलं आणि 79 च्या वरची माणसं सहसा मुलाखतीतून सुटत, आता बहुतेकांना खिडकीपुढं उभं राहावं लागतं. जुना व्हिसा संपून वर्ष झालेलं नसेल तर अजून वाट आहे, तीही अटींसकट. त्याच महिन्यात दुसरी पळवाटही बुजली. आधी लोक बँकॉकला फिरायला म्हणून जात आणि तिथंच मुलाखत उरकून येत. आता अर्ज आपल्या देशात किंवा जिथं राहता तिथंच करा, असं अमेरिकेनं सांगितलेलं आहे.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या पानावर शहरानुसार प्रतीक्षेचे आकडे असतात. त्यात सरासरी वेगळी असते आणि पुढची उपलब्ध तारीख वेगळी. लोक सरासरी बघून घाबरतात. मी तरी पुढची तारीखच बघत होतो. हे आकडे रोजच्या रोज ताजे होत नाहीत. तारीख घेण्यासाठी आपण उघडलेल्या ऑनलाइन खात्यात शिरल्यावर कधी त्याहून जवळची तारीख दिसते, कधी काहीच दिसत नाही, आणि सारखं उघडझाक केलं तर खातंच काही काळ अडकून बसतं. माझ्या पाहण्यात हैदराबादच्या तारखा मुंबईपेक्षा बहुधा आधीच्या मिळत गेल्या. हा नियम म्हणून सांगत नाही. तुमच्या आठवड्यात उलटंही असेल.

हैदराबादच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, थेट विमान मिळालं तर सव्वा तासात शमशाबादचा विमानतळ. तिथून बाह्य रिंगरोडनं नानकरामगुड्याला पोचायला त्रास नाही. कॉन्सुलेट बेगमपेठेच्या जुन्या पैगा पॅलेसमधून मार्च 2023 मध्ये या नव्या इमारतीत आलं. मुलाखतीआधी बोटांचे ठसे घेणारं केंद्र हायटेक सिटीच्या मेट्रो स्थानकातच आहे. सगळं काम शहराच्या एकाच टोकाला होतं आणि त्या टोकाला राहायला लॉज, हॉटेलं हवी तेवढी आहेत, मुंबईच्या मानानं स्वस्तही. माझी मुलाखत इंग्रजीत झाली. मोजके प्रश्न, मोजकी उत्तरं, बाहेर आल्यावर बिर्याणी. मला विचाराल तर एकट्या, इंग्रजी येणाऱ्या माणसासाठी याहून सोपं काही नाही.

मुंबईचं कॉन्सुलेट 2011 पासून बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, आहे, ठशांचं केंद्रही त्याच परिसरात. रात्रीच्या गाडीनं सकाळी दादरला उतरायचं. पूर्वी तिथून बीकेसी गाठताना जीव जायचा, आता दादरहून भुयारी मेट्रो थेट जाते. पण बीकेसीत राहायचं म्हणजे खिशाला भोक, आणि आपल्याकडच्या घरांना ते सुचतही नाही. कुणीतरी डोंबिवलीला असतंच. मग कुंद्याचे डबे घेऊन तिकडं मुक्काम, आणि मुलाखतीच्या सकाळी ऐन गर्दीत लोकलनं परत. ठसे आणि मुलाखत एकाच दिवशी होत नाहीत. मधे शनिवार-रविवार आला तर पाहुणचार लांबतो. यजमानांना काही वाटत नाही असं ते म्हणतात. जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर पावसाचा विचारही करावा लागतो. घाटात गाडी थांबली की खिडकीवरची वेळ आपल्यासाठी थांबत नाही.

एवढं वाचून कुणीही हैदराबाद म्हणेल. आमच्या घरीही तेच ठरत आलं होतं. धाकटा भाऊ न्यू जर्सीत, आई-बाबांना चार महिने बोलावतोय, हैदराबादची तारीख जवळची दिसतेय. अडलं ते एका रात्री जेवणानंतर, आम्ही घरातच मुलाखतीची तालीम घेतली तेव्हा.

हैदराबादला इंग्रजीखेरीज तेलुगू, हिंदी, उर्दू चालते. बाबांचं इंग्रजी कामापुरतं आहे. आईला मराठी येते आणि कानडी येते, दोन्ही तोंडभरून. बाजारात, दवाखान्यात, बसमध्ये ती समोरच्याचा चेहरा बघून भाषा बदलते. पण हिंदीचा तिच्याशी संबंध फक्त टीव्हीपुरता. मी अधिकारी झालो, हिंदीत विचारलं, किती दिवस राहणार? तिनं हिंदीत सुरुवात केली, आकडा आठवेना, आणि तोंडातून निघालं, "नाल्कु तिंगळु." चार महिने, पण कानडीत. परक्या माणसाशी बोलायची तिची भाषा कानडी आहे. हिंदी शोधायला गेलं की हाताला कानडी लागते. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग ती हसायला लागली, मग चिडली. "मला न्हाई ते हिंदी जमायचं बघ. मराठीत इचारायला सांग तेंना."

मराठीत विचारतात ते मुंबईला.

बाबा म्हणाले, मी बोलतो की सगळं, ही नुसती उभी राहील. नवरा-बायकोचा अर्ज एकत्र असेल तर खिडकीवर एकत्रच जातात, हे खरं. पण अधिकारी कुणाकडं बघून प्रश्न विचारेल हे आपल्या हातात नाही. शिवाय मला आत सोडत नाहीत. ज्याची मुलाखत आहे तोच आत जातो. मोबाईल बाहेर, मुलगा बाहेर. आत दोन माणसं, एक फाइल, आणि समोर काचेपलीकडं दोन-तीन मिनिटांचा वेळ.

ती दोन-तीन मिनिटं एवढी महत्त्वाची का, याचं कारण अमेरिकेच्या कायद्याच्या कलम 214(बी) मध्ये आहे. अर्जदार तिकडंच राहायला चाललाय असं कायदा धरूनच चालतो, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी अर्जदाराची. बँकेची पुस्तकं, शेताचे उतारे, पेन्शनचे कागद आपण पिशवी भरून नेतो. बऱ्याचदा ती पिशवी उघडायलाही सांगत नाहीत. अधिकारी ऐकतो ते उत्तर: कशाला जाताय, मुलगा काय करतो, परत कशासाठी येणार. आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, नातवंडाला बघून यायचं, घर कुणी बघायचं, शेजारचीकडं किल्ली ठेवलीय, तुळशीला पाणी घालायला सांगितलंय. याहून चांगला पुरावा कुठल्या फाइलीत असतो? हिंदीत मात्र यातलं काहीच तिच्या तोंडून आलं नसतं. आलं असतं ते "हाँ जी".

आणि नकार आला तर अपील नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा 185 डॉलर, पुन्हा रांगेचं शेपूट. म्हणजे जवळची तारीख घेऊन वाचवलेले महिने तिथंच बुडाले. उलट व्हिसा मिळाला तर भारतीयांना तो सहसा 10 वर्षांचा मिळतो. दहा वर्षांच्या हिशेबात मुंबईसाठी आणखी काही महिने थांबलो तर काय बिघडतं, असं मी भावाला फोनवर समजावलं. तो म्हणाला, तुझं तिथं बसून बरोबर आहे. तरी ऐकलं.

थांबलो. मुंबईत आईला प्रश्न मराठीत आला. ती बाहेर येऊन बराच वेळ त्या दुभाषा बाईंबद्दलच बोलत होती, व्हिसाचं शेवटी सांगितलं.

आता, हे सगळ्यांना लागू आहे असं मुळीच नाही. निपाणी-चिकोडीकडच्या कितीतरी घरांत म्हातारी माणसं फर्डं हिंदी बोलतात. कुणी सैन्यात होतं, कुणी मुंबईच्या गिरणीत आयुष्य काढलंय. बेळगाव शहरात दक्खनी उर्दू बोलणारी घरं आहेत, त्यांनी तर हैदराबादच घ्यावं, तिथं घरच्यासारखं वाटेल. विद्यार्थ्यांनी भाषेचा विचार करायचं कारणच नाही. त्यांनी जिथं तारीख आधी, तिथं जावं.

अडचण होते ती तारखेला बांधलेल्या प्रवासाची. सुनेचं बाळंतपण, मुलाचा पदवीदान समारंभ, लग्न. लोकांना वाटतं, कारण मोठं आहे, तातडीची तारीख देतील. ती सोय आहे, पण जवळच्या माणसाचं आजारपण किंवा मृत्यू अशा कारणांसाठी. लग्न, पदवीदान आणि गरोदर नातेवाइकाच्या मदतीला जाणं ही कारणं त्यात बसत नाहीत, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय आधी साधी तारीख हातात असल्याशिवाय तातडीची मागताच येत नाही. बाळंतपणाला जायचं असेल तर बातमी कळल्या महिन्यातच फी भरावी हे बरं. फीची पावती वर्षभर चालते आणि त्या वर्षात तारीख घेतली म्हणजे झालं. मुलाखत त्यानंतर असली तरी हरकत नाही. आणि तारीख अगदीच गळ्याशी आली असेल तर मीसुद्धा आईचं हिंदी घोटून घेऊन हैदराबादच गाठलं असतं.

मधला मार्ग म्हणून काहीजण सुचवतात की मिळेल ते हैदराबाद धरून ठेवा आणि मुंबईची जागा निघाली की तिकडं वळा. करता येतं, पण जानेवारी 2025 पासून तारीख एकदाच फुकट बदलता येते. दुसऱ्यांदा बदलायची तर फी नव्यानं. त्यामुळं तो एक बदल शहर बदलण्यासाठी वापरायचा की घरात कुणी आजारी पडलं तर हाताशी ठेवायचा, हे आधी ठरवा. आम्ही तो हाताशी ठेवला आणि पहिल्यापासून मुंबईच धरली. एजंटला हे पटलं नव्हतं. त्याचं म्हणणं, तारीख कमी दिवसांची दाखवली की गिऱ्हाईक खूश असतं.

अर्ज भरताना सीमाभागातल्या लोकांनी एक जपावं. जन्मगाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच लिहावं. जुन्या पासपोर्टांवर इंग्रजीत बेलगाम असतं, 2014 च्या नामांतरानंतरच्या कागदांवर बेळगावी. त्यावरून घरात वाद घालायला सवड आहे, डीएस-160 या व्हिसाच्या अर्जात नाही.

मुंबई ठरलीच तर ठशांची वेळ शक्यतो दुपारची घ्या. रात्रीची गाडी मिरजेच्या पुढं कधी उशीर करेल सांगता येत नाही, आणि उतरल्यावर म्हाताऱ्या माणसांना तोंड धुऊन, चहा घेऊन, फाइल एकदा उघडून बघायला वेळ लागतो. मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळची चालेल. बॅगा मुक्कामीच ठेवा. गेटवर मोठी बॅग घेऊन गेलं तर आत सोडत नाहीत. मोबाईल धरून बाहेर थांबायला घरातलं कुणीतरी बरोबर असू द्या.