बुलेट लांब केली, आता मागं शॉकअप कुठले? चार पर्याय शेजारी-शेजारी ठेवून

दर पंधरा-वीस दिवसांनी कुणीतरी विचारतंयच, चिमटा (स्विंगआर्म, मागचं चाक धरणारा दांडा) सहा इंच वाढवलाय, गाडी दिसायला नाद खुळा झालीय पण मागं बसलं की खाली जातीय, कुठले शॉकअप टाकू सांगा. आणि माझं उत्तर दरवेळी तेच असतंय की शॉकअपचं नाव विचारू नका, आधी टेप घ्या आणि पिव्होटपासून (चिमटा फ्रेमला ज्या बोल्टावर फिरतो तिथून) खालच्या शॉकअप बोल्टपर्यंत किती आणि पिव्होटपासून ॲक्सलपर्यंत किती हे मोजून आणा. मी स्वतः हे न मोजता एकदा फसलोय म्हणून सांगतोय.

माझी गाडी बुलेट ३५०, यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्रवाल्या) इंजिनची, कंपनीचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या ॲक्सलमधलं अंतर, १३७० मिमी. सहा इंच म्हणजे १५२ मिमी वाढवल्यावर झाला १५२२. (ज्याला फक्त लांब गाडीच पाहिजे त्यानं ॲव्हेंजर २२० घ्यावी, ती कंपनीतूनच १४९० येतीय, वेल्डर नको नि आरटीओची कटकट नको. पण बुलेटवाल्याला हे सांगून उपयोग नसतोय, मलाही कुणीतरी सांगितलं होतंच की.)

आता गणित बघा, हिशोब सोपा जावा म्हणून आकडे गोल धरतो. पिव्होट ते ॲक्सल २० इंच, पिव्होट ते शॉकअप बोल्ट १६ इंच. म्हणजे चाक १ इंच वर गेलं की शॉकअप ०.८ इंच दबतोय. चाकाला स्प्रिंग किती कडक लागते ते या आकड्याच्या वर्गावर ठरतंय, ०.८ चा वर्ग ०.६४. आता चिमटा २६ इंच केला आणि बोल्ट होता तिथंच ठेवला, तर १६ भागिले २६ म्हणजे ०.६१५ आणि त्याचा वर्ग ०.३८. स्प्रिंग तीच, शॉकअप तोच, पण चाकाला ती ४० टक्के मऊ झाली! लोकं म्हणतात शॉकअप बसले, अहो बसले नाहीत, तुम्ही त्यांच्यावर लांब पहार घालून बसलाय.

थोडी सूट मिळते बरं का. चाक मागं गेलं की मागच्या चाकावरचं वजनही कमी होतंय. आधी मागं ५५ टक्के असेल तर आता साधारण ४९-५० टक्के. पण ती सूट पुरत नाही, सगळं धरून मागची बैठक, म्हणजे नुसतं बसल्यावर गाडी जितकी खाली जाते ती, कमीत कमी दीडपट होतीय. ३० मिमी जात होती ती ४५ जाणार. आणि मागचं २० मिमी जास्त खाली गेलं की पुढचा फोर्क पाऊण अंशानं आडवा पडतोय, हँडल जड आणि आळशी लागतंय, मग माणूस पुढचे बेअरिंग बदलत बसतोय.

पहिला पर्याय, जो सगळेच करतात आणि मीही केला: चिमटा वाढवायचा, शॉकअप जुन्याच जागी जुनेच. खर्च सगळ्यात कमी, फ्रेमला हात लागत नाही, एकटा माणूस शहरात सावकाश चालवणार असेल तर चालूनही जातंय. डबलसीट मात्र विसरा. माझं झालं असं की गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना मागं बायको आणि एक सॅक, एका खड्ड्यात मागून कर्र असा आवाज आला, मला वाटलं चेनगार्ड. खाली उतरून बघतोय तर मडगार्डच्या आत टायरनं बोटाएवढी काळी रेघ ओढलेली आणि मडगार्डचा एक बोल्ट घासून चमकत होता. गणितात हे होतंच, शॉकअप ८० मिमी दबला की आधी चाक १०० मिमी हलत होतं ते आता १३० हलतंय, ते जादाचे ३० मिमी मडगार्डला कोण सांगणार!

याच पर्यायात लोकं एक सुधारणा करतात, कडक स्प्रिंग. बरोबर आहे, दीडपट कडक स्प्रिंग टाकली की बैठक जागेवर येतीय. पण आतलं डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी आवरणारं ऑइलचं काम) तेच राहिलं तर स्प्रिंगला परत येताना धरायला कोणी नाही, स्पीडब्रेकरवरून गाडीची शेपूट होडीसारखी वर येते, दोनदा झुलते, मग शांत होते. चाकाला मिळणारं डॅम्पिंगपण त्याच वर्गानं कमी झालेलं असतंय हे विसरू नका. म्हणून नुसती स्प्रिंग घेऊ नका, रिबाउंड (दबल्यावर परत येण्याचा वेग) ॲडजस्ट होणारा शॉकअप घ्या किंवा मग जो माणूस शॉकअप खोलून ऑइल आणि आतल्या पातळ चकत्या (शिम) बदलून देतो त्याच्याकडं जा. प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवायच्या) खाचा पूर्ण फिरवून काम झालं असं समजणारे खूप आहेत, प्रीलोडनं गाडी वर उचलली जाते, स्प्रिंग कडक होत नाही.

दुसरा पर्याय, आणि शेवटी मी हाच केला: शॉकअपचा खालचा बोल्ट पण चाकाबरोबर मागं न्यायचा. बोल्ट १६ वरून २२ इंचावर गेला, २२ भागिले २६ म्हणजे ०.८४६, वर्ग ०.७२, म्हणजे कंपनीपेक्षा थोडं कडकच, जुनी स्प्रिंगसुद्धा चालून जाते. ऐकायला सोपं आहे. गोची वरच्या बोल्टाची आहे, तो फ्रेमवर आहे तिथंच, खालचा सहा इंच मागं गेला की शॉकअप आडवा झोपतोय. ४५ अंश झोपला तर त्याचा जोर पुन्हा निम्म्यावर (तिथंही वर्गच लागतोय), म्हणजे मागं नेऊन कमावलेलं झोपवून घालवलं. मग वरचा बोल्टपण मागं न्यायला पाहिजे आणि तिथं तर फ्रेम नाहीच, सीटखालचा फ्रेमचा वळवलेला पाईप (लूप) वाढवून, त्याला तिरकी पट्टी देऊन नवीन माउंट करायला लागतोय. मी अधलं-मधलं केलं, खालचा पूर्ण मागं, वरचा तीन इंच मागं, शॉकअप थोडा कललेला आणि स्प्रिंग एक पायरी जास्त कडक. घाटात डबलसीट आता टायर लागत नाही, वळणावर मागचं आधीपेक्षा शहाण्यासारखं वागतंय. काम वाढतं, गाडी दहा-बारा दिवस उभी राहते, फ्रेमवर वेल्डिंग होतं. तरीपण रोज वापरायची गाडी असेल तर चारांतला मला हाच पटतो.

तिसरा, मोनोशॉक, म्हणजे दोन बाजूंच्या दोनाऐवजी मधोमध एकच शॉकअप. यावर जरा जास्तच लिहितो कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच पाण्यात जातात. स्क्रॅपमधनं ड्यूकचा नाहीतर एफझेडचा मोनोशॉक आणायचा, बुलेटच्या मधोमध बसवायचा, दोन्ही बाजू मोकळ्या, चाक उघडं दिसतंय, लुक एकदम कडक. पण बघा, मोनोशॉक पिव्होटच्या जवळ बसतोय, समजा ९ इंचावर. २६ भागिले ९ म्हणजे चाकावर जितका भार त्याच्या जवळजवळ तिप्पट शॉकअपवर. गाडी आणि माणूस मिळून २६५ किलो धरले तर मागच्या चाकावर १३० किलो, म्हणजे नुसतं उभं असताना त्या एका वरच्या बोल्टावर पावणेचारशे किलो. खड्ड्यात त्याच्या कितीपट ते तुम्हीच विचार करा. आणि बुलेटच्या फ्रेममध्ये त्या जागी काय आहे, एक उभा पाईप, एअर फिल्टर आणि बॅटरीचे डबे. तो पाईप हा भार घ्यायला केलेलाच नाही. ड्यूकची फ्रेम तिथं मुळातच तशी बांधलेली असती, आणि ड्यूकची स्प्रिंग ड्यूकच्या वजनाला आणि तिच्या चिमट्याला धरून असती, बुलेट तिच्यापेक्षा चांगली जड. म्हणजे उचलून आणलेला मोनोशॉक बहुतेकवेळा मऊच पडणार. ज्याच्याकडं फ्रेम जिगवर (सरळ धरून ठेवायच्या सांगाड्यात) पकडून काम करणारा माणूस आहे आणि जो स्प्रिंग मोजून बनवून घेणार आहे त्यानं जरूर करावं, होतंय. बाकीच्यांनी फोटो बघून करू नये.

मोनोशॉकचा एक भाऊबंद म्हणजे सॉफ्टेल. हार्लेनं १९८४ च्या मॉडेलपासून विकायला काढलं, तिकोनी चिमटा, शॉकअप गिअरबॉक्सखाली आडवे लपवलेले, लांबून बघितलं तर मागं शॉकअपच नाहीत असं वाटतंय. २०१८ च्या मॉडेलपासून त्यांनीच ते सोडून सीटखाली एक शॉकअप आणला. जुन्यात एक गंमत आहे, चाक वर गेलं की ते खालचे शॉकअप दबत नाहीत, ताणले जातात. आपल्याकडं कुणीतरी ही रचना बघून साधे दाबायचे शॉकअप तिथं लावतंय आणि मग गाडी थेट स्टॉपवर बसते. बुलेटखाली तेवढी जागापण नाही, आधीच ग्राउंड क्लिअरन्स १३५ मिमीच्या आसपास, त्यात गाडी लांब झाली की दोन चाकांच्या मधलं पोट उंच स्पीडब्रेकरला लवकर टेकतंय. मला विचाराल तर बुलेटवर सॉफ्टेल नको.

चौथा हार्डटेल. शॉकअपच नाही, मागची फ्रेम सरळ ॲक्सलपर्यंत. तसं बघायला गेलं तर जुनी बुलेट अशीच होती, मागचा स्विंगआर्म आला तो १९४८-४९ च्या सुमारास. लोकं हसतात पण लांब गाडीवर हार्डटेल आखूड गाडीइतकं वाईट लागत नाही, कारण चाक मागं गेल्यावर बसणारा चाकापासून लांब जातोय आणि चाकाच्या उडीतला त्याच्या वाट्याचा हिस्सा साधारण दहा टक्क्यांनी कमी होतोय. चेनचा ताण कायम एकसारखा, चिमट्याचे बुश नाहीत, झिजायला काही नाही. पण सस्पेन्शन म्हणजे फक्त टायर आणि सीटखालच्या स्प्रिंगा, म्हणून उंच कडेचा टायर घ्यायला लागतोय, ५.००-१६ सारखा. एकटा, शहरात, रविवारी, किंवा इंडिया बाईक वीकसारख्या बाईकवाल्यांच्या मेळ्याला ट्रकमधनं नेऊन उभी करायला, मस्त. कोल्हापूर ते गोवा चालवत नेणार म्हणालात तर मी तुमच्या कमरेची जबाबदारी घेत नाही.

ड्रॅगवाल्यांचं, म्हणजे सरळ पट्टीवर शर्यत लावणाऱ्यांचं, वेगळं. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनला लांब चिमट्याच्या हायाबुसा बघितल्या असतील, त्यांना पुढचं चाक उचलू द्यायचं नसतंय आणि रस्ता टेबलासारखा सपाट, म्हणून मागं खाली बसवलेलं, जवळजवळ न हलणारं सस्पेन्शन चालतंय. ते बघून रस्त्यावरच्या गाडीला शॉकअपऐवजी लोखंडी दांडा लावू नका. लावलेला मी बघितलाय, म्हणून सांगतोय.

कुठलाही पर्याय घ्या, काही गोष्टी सगळ्यांना लागणारच. सहा इंचाला चेन ३०४ मिमी वाढते, ५/८ इंच पिचची कडी १५.८७५ मिमीची, म्हणजे १९ आणि थोड्या, कड्या जोडीनंच वाढवायच्या म्हणून २० धरा, आणि एवढी लांब चेन खाली लोंबून चिमट्यावर आपटते म्हणून मध्ये नायलॉनचा रोलर पाहिजेच. ड्रम ब्रेक असेल तर रॉड आणि अँकर पट्टी (ब्रेकची प्लेट फिरू न देणारी) दोन्ही वाढवायच्या, रॉड वाढवून अँकर पट्टीला जुगाड करणारे महाभाग आहेत, ब्रेक दाबल्यावर सगळा पीळ त्या पट्टीवर येतोय.

आणि कागद. आरसीवर व्हीलबेस लिहिलेला असतोय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतंय की आरसीवरच्या कंपनीच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं, आणि त्यानंतरच्या दुरुस्तीत प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपघातात विमावाले सगळ्यात आधी हेच काढणार. शोची नाहीतर ट्रॅकची गाडी असेल तर वेगळं, रोज रस्त्यावर आणणार असाल तर शॉकअप निवडायच्या आधी हे ठरवा.

वेल्डिंगचं राहिलंच. माझा पहिला चिमटा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकाकडून वाढवून घेतलेला, पाईपला पाईप नुसता टोकाला टोक लावून जोडलेला, आत स्लीव्ह (आधाराची नळी) नाही, बाहेर पट्टी नाही, वरून ग्राइंडरनं घासून काळा रंग. दिसायला कंपनीसारखा. पावसाळा संपल्यावर गाडी धुताना जोडाच्या खालच्या बाजूला तांबूस रेघ दिसली, केसाएवढी, मला वाटलं चिखल. नखानं खरवडलं तर रंग निघाला आणि आत फट. दुसरा चिमटा सीमलेस पाईपचा, आत चार इंची स्लीव्ह, जोड तिरका कापलेला, आर्गन वेल्डिंग. त्याला मी पांढरा रंग दिलाय, मित्र हसतात की काळ्या बुलेटला पांढरा चिमटा, पण पांढऱ्यावर गंजाची रेघ लगेच दिसते, आणि दर रविवारी चेनला तेल मारताना मी पहिलं तिथंच बघतो.