बायोप्सीची सुई: सोनोग्राफीवर की सीटीवर?

गाठ सोनोग्राफीत नीट दिसत असेल तर बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा तपासायला काढणं, सोनोग्राफीवरच करावी, हे माझं मत आधीच सांगितलेलं बरं. सीटीचं मशीन मोठं, म्हणजे त्याचा नेमही पक्का, अशी समजूत पुष्कळ रुग्णांची आणि नातेवाइकांची असते. पण नेम तीन गोष्टींवर ठरतो: गाठ कुठे आहे, सुईच्या वाटेत काय आडवं येतं आणि सुई पुढे सरकत असताना ती डॉक्टरांना दिसते का.

यातल्या तिसऱ्या बाबतीत सोनोग्राफी सरळ बाजी मारते. एका हातात प्रोब (त्वचेवर टेकवायचं, ध्वनिलहरी सोडणारं उपकरण), दुसऱ्यात सुई, आणि पडद्यावर सुई क्षणाक्षणाला पुढे जाताना दिसते. यकृत श्वासागणिक खाली-वर होतं, त्याच्याबरोबर गाठही सरकते. ती हालचाल समोर दिसत असल्याने योग्य क्षण साधता येतो. कलर डॉप्लर लावला की वाटेतली रक्तवाहिनी उठून दिसते. क्ष-किरणांचा तर प्रश्नच नाही. थायरॉइड, मानेतल्या नि काखेतल्या गाठी, स्तन, यकृत, किडनी यांसाठी सहसा तिलाच पहिली पसंती असते ती यामुळेच.

पण ध्वनिलहरींना हवा आणि हाड यांच्यापुढे जाता येत नाही. फुफ्फुसात खोल बसलेली किंवा आतड्यातल्या गॅसमागे दडलेली गाठ सोनोग्राफीत दिसतच नाही. खोलीचीही अडचण आहे. 10 मेगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोब बारीक चित्र देतो, पण वरवरचंच. खोल पाहायचं तर 2 ते 5 मेगाहर्ट्झचा लावावा लागतो आणि बारकावा घटतो. स्थूल माणसात ही ओढाताण जास्त जाणवते. शिवाय सुई जितकी उभी घालावी तितकी ती पडद्यावर अंधुक होते, कारण तिच्यावर आपटलेला ध्वनी प्रोबकडे न परतता भलतीकडेच जातो. दिसणारा ठिपका सुईचं टोक आहे की तिचा मधलाच भाग, हे ओळखायला सराव लागतो. इथे मशीनपेक्षा हात मोठा.

सीटीला हाड, हवा, आतडं, सगळं स्वच्छ दिसतं. फक्त सतत दिसत नाही. आधी त्वचेवर खुणेची जाळी चिकटवून स्कॅन काढतात, त्यावर अंतर आणि कोन मोजतात, सुई थोडी आत सरकवतात, क्ष-किरण टाळायला डॉक्टर खोलीबाहेर जातात आणि पुन्हा स्कॅन. टोक गाठीत पोहोचेपर्यंत हेच चालतं. मध्येच रुग्णाने श्वास कमी-जास्त घेतला तर गाठ मोजल्या जागी राहत नाही. फुफ्फुसाच्या तळाशी असलेल्या बारक्या गाठी याच कारणाने सतावतात. सीटी फ्लुरोस्कोपीत जवळजवळ सलग चित्र मिळतं, पण मग डॉक्टरांच्या हातांवर किरणं पडतात.

तरीही फुफ्फुसातली खोल गाठ, पोटाच्या मागच्या भिंतीलगतच्या ग्रंथी आणि हाडातली बरीचशी ठिकाणं ही सीटीचीच कामं. फुफ्फुसाच्या बायोप्सीत छातीत हवा साठण्याचा धोका असतो. साधारण पाचातल्या एका रुग्णात ती थोडीफार साठते. बहुतेकांची आपोआप जिरते, मोजक्यांना नळी घालावी लागते. हा दोष सीटीचा नाही, सुई हवेने भरलेल्या फुफ्फुसातून जाते त्याचा आहे. म्हणून गाठ छातीच्या भिंतीला टेकलेली असेल तर एक प्रश्न जरूर विचारा: हे सोनोग्राफीवर होईल का? अशा गाठीपर्यंत फुफ्फुसाला न भोसकता जाता येतं, आणि तिथे सोनोग्राफी सीटीच्या तोडीस तोड ठरते.

बाकीचे पर्याय ठरावीक कामांचे. मणक्यातल्या इंजेक्शनला बहुधा सी-आर्म, म्हणजे सलग चित्र दाखवणारं क्ष-किरणांचं मशीन, वापरतात. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, दिसणारे चुन्याचे बारीक कण सोनोग्राफीत अनेकदा सापडत नाहीत. मग मॅमोग्राफीवरच दोन कोनांतून जागा मोजून सुई घालतात. स्वादुपिंडाच्या गाठीकडे एंडोस्कोपीच्या टोकावरच्या सोनोग्राफीने जठराच्या आतून पोहोचतात. एमआरआयवरची बायोप्सी वेळखाऊ, सुयाही वेगळ्या लागतात. गाठ दुसऱ्या कशातच दिसत नसेल तरच तिचा विचार. प्रोस्टेटमध्ये मधला मार्ग आहे: एमआरआयचं चित्र सोनोग्राफीवर बसवून सुई मारायची.

चिठ्ठीवर सीटी लिहिलंय आणि रेडिओलॉजिस्ट आधी प्रोब लावून पाहताहेत, तर बिचकू नका. चांगला रेडिओलॉजिस्ट हेच करतो. जुने स्कॅन, नुसते रिपोर्ट नव्हे तर चित्रांसकट, त्यांच्यासमोर ठेवा. अशी गाठ ते नेहमी कशावर करतात हेही विचारा. सोनोग्राफीवर रोज हात चालणारा माणूस समोर असेल आणि गाठ दिसत असेल, तर सीटीचा आग्रह धरू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दोन्हीकडे ती आधीच सांगावी लागते. ती थांबवायची की नाही, आणि कधी, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.