पावती मोबाईलवर येईल म्हणाला

ऑगस्टमधला रविवार. वाईहून पुण्याला परत निघालो होतो, पाऊस धो धो. मागच्या सीटवर आई, गुडघ्याला पट्टा बांधून पाय लांब करून बसलेली. खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळच्या अलीकडे आलो तर रस्त्याकडेला दोघे उभे. एकाने हात केला, मी गाडी बाजूला घेतली.

अंगात चमकत्या पट्ट्यांचा रेनकोट, खाली खाकी पँट. काच खाली केली तशी त्याने आत हात घालून चावीच काढली. लायसन्स मागितलं, दिलं. मग पीयूसी, म्हणजे गाडीचं प्रदूषण तपासणी प्रमाणपत्र. ती चार दिवसांपूर्वी संपली होती.

"दहा हजार दंड. गाडी जमा होणार, कोर्टातून सोडवून घ्या."

दुसरा साध्या कपड्यांत होता. तो आईकडे बघून म्हणाला, "आजी आहेत बरोबर, बघा ना साहेब काहीतरी." साहेब अडीच हजारांवर आले. रेनकोटच्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातला क्यूआर कोड निघाला. "सरकारी स्कॅनर आहे, मारा यावर." मी मारले. चावी आणि लायसन्स हातात देत तो म्हणाला, "पावती मोबाईलवर येईल."

ती आलीच नाही. रात्री व्यवहार उघडून पाहिला, तर पैसे घेणाऱ्याच्या जागी एका माणसाचं नाव-आडनाव. तेच नाव पिन टाकण्याआधीही स्क्रीनवर आलं होतं, ठळक अक्षरांत. तेव्हा मी ते वाचलंच नाही. ई-चलानच्या सरकारी साइटवर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकले. एकही चलान नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो, तिथे कळलं की त्या जागी रविवारी नाकाबंदीच नव्हती.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की पीयूसी संपल्याची चूक माझी होती म्हणून मी एक शब्द बोललो नाही. त्यांना नेमकं तेच हवं असतं. आणि दहा हजारांची भीती पोकळही नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये प्रदूषणासाठी दहा हजारांपर्यंत दंड खरोखरच लिहिलेला आहे. पण पीयूसी संपली म्हणून आपले हक्क संपत नाहीत.

त्याच १९८८ च्या कायद्याचं कलम १३० सांगतं की लायसन्स दाखवायचं ते गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर. रेनकोटखाली गणवेश आहे का, छातीवर नावाची पट्टी आहे का, हे मी पाहिलं नाही. "साहेब, आपलं नाव आणि ठाणं कोणतं?" एवढं विचारायला काहीच हरकत नव्हती. लायसन्स खरंच जप्त करायचं असेल तर कलम २०६ प्रमाणे त्याची लेखी पोच द्यावी लागते. चावी हिसकावून घ्यावी असं या कायद्याच्या एकाही कलमात लिहिलेलं नाही. मूळ लायसन्स हातात देण्याचीही गरज नव्हती, डिजिलॉकर या सरकारी ॲपमधलं चालतं.

आणि पैसे. खरा दंड ई-चलान मशीनमधून गाडीच्या नंबरावर नोंदला जातो, त्याला चलान क्रमांक असतो. तो जागेवर भरलाच पाहिजे अशी सक्ती नाही, घरी येऊन साइटवर भरता येतो. मी फक्त "साहेब, चलान करा, मी ऑनलाइन भरतो" म्हणायला हवं होतं. चलान क्रमांक नसेल आणि स्क्रीनवर कोणा माणसाचं नाव दिसत असेल, तर पिन टाकू नका. शंका आली तर गाडीत बसूनच पोलिसांचा आपत्कालीन नंबर ११२ लावा. पैसे मागणारा खरा पोलीस असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे.

ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, म्हणजे १९३० वर, मी तक्रार केली, पण दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर त्या खात्यातले पैसे पुढे गेले होते. असं झालं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच तासात फोन करा. तोतया पोलीस बनणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे, त्याची वेगळी तक्रार मी ठाण्यात दिली आहे. व्यवहाराचा स्क्रीनशॉट जोडला आहे, पैसे घेणाऱ्याचं नाव त्यात स्पष्ट दिसतं. बोगदा ते शिरवळ या पट्ट्यात पावसाळ्यात कोणाकडून असे पैसे घेतले गेले असतील, तर रक्कम लहान असली तरी तक्रार नोंदवा. तेच नाव आणखी एका तक्रारीत आलं, तर तपासाला धागा मिळेल.